मजूर पक्षाचे मजूर कुठे गेले?

इंग्लंडच्या ईशान्येला डरहॅम नावाची काउंटी आहे. कोळशाचा मुलूख. मजूर पक्षाच्या हाती देशातली पहिली काउंटी कौन्सिल, म्हणजे साधारण आपल्या जिल्हा परिषदेच्या तोडीची संस्था, आली ती इथे, १९१९ साली. मधली थोडी वर्षं वगळली तर २०२१ पर्यंत तिथे दुसऱ्या कोणाची डाळ शिजली नाही. मे २०२५ मध्ये तिथे पुन्हा मतदान झालं. ९८ पैकी ६५ जागा नायजेल फराज यांच्या ‘रिफॉर्म यूके’ या उजव्या पक्षाने जिंकल्या. मजूर पक्षाला मिळाल्या ४.

तेव्हा लंडनमध्ये सरकार मजूर पक्षाचंच होतं आणि तेही दणदणीत बहुमताचं. जेमतेम दहा महिन्यांपूर्वी, जुलै २०२४ मध्ये, कीर स्टार्मर यांच्या नेतृत्वाखाली पक्षाने संसदेच्या ६५० पैकी ४११ जागा जिंकल्या होत्या. सासरी डामडौल आणि माहेरी कोणी पाणीही विचारेना, अशी ही अवस्था. ती समजून घ्यायची तर या पक्षाचं आणि त्याच्या जुन्या मतदारांचं नातं मुळात कसलं होतं तिथून सुरुवात करावी लागते. ‘कामगारांचा पक्ष, म्हणून कामगार मत देत’ इतकं सरळ ते कधीच नव्हतं.

आधी नावं. मराठी वर्तमानपत्रांनी लेबर पार्टीला ‘मजूर पक्ष’ आणि कॉन्झर्व्हेटिव्हांना ‘हुजूर पक्ष’ करून टाकलं त्याला खूप वर्षं झाली. तीच नावं इथेही चालवू. मजूर पक्षाला मध्यापासून किंचित डावीकडचा, म्हणजे ‘मध्य-डावा’ म्हणतात. भांडवलशाही उलथून टाकायची नाही, पण बाजाराला वेसण घालायची. ज्यांना परवडतं त्यांच्याकडून कर घ्यायचा आणि त्यातून सगळ्यांसाठी दवाखाना, शाळा, घर, म्हातारपणाची सोय करायची, अशी ही भूमिका. जर्मनीतला सोशल डेमोक्रॅट पक्ष (एसपीडी) किंवा फ्रान्सचा समाजवादी पक्ष याच गोत्रातले. सध्या या गोत्राचे दिवस बरे नाहीत. २०१२ मध्ये फ्रान्सला राष्ट्राध्यक्ष देणाऱ्या समाजवादी पक्षाच्या उमेदवाराला दहाच वर्षांनी, २०२२ मध्ये, दोन टक्केही मतं मिळाली नाहीत. म्हणजे दुखणं एकट्या ब्रिटनचं नाही; पण एकाच घराची गोष्ट नीट पाहिली की बाकीच्यांची बरीचशी कळते.

युनियनच्या पोटी जन्मलेला पक्ष

बहुतेक पक्ष असे जन्मतात: चार पुढारी एकत्र येतात, पक्ष काढतात आणि मग मतदार शोधायला निघतात. मजूर पक्षाचं उलटं झालं. फेब्रुवारी १९०० मध्ये लंडनमध्ये कामगार संघटना आणि काही समाजवादी मंडळं एकत्र आली आणि त्यांनी संसदेत आपली माणसं पाठवण्यासाठी एक समिती नेमली. पुढच्याच वर्षी टॅफ व्हेल नावाच्या रेल्वे कंपनीच्या खटल्यात, संपामुळे झालेलं नुकसान युनियनने भरून द्यावं असा निकाल लागला. रक्कम होती २३ हजार पौंड, त्या काळी युनियनची कंबर मोडण्याइतकी. कायदा असाच राहिला तर संप करणंच अशक्य होईल हे युनियनवाल्यांच्या ध्यानात आलं आणि जे कुंपणावर बसले होते तेही समितीत आले. १९०६ च्या निवडणुकीत २९ जण निवडून आले आणि समितीचा ‘मजूर पक्ष’ झाला.

याचा व्यावहारिक अर्थ असा की कामगार युनियनची वर्गणी भरे तेव्हा तिचा एक वाटा पक्षाला जाई. पक्षाच्या अधिवेशनात युनियन आपल्या सगळ्या सभासदांच्या वतीने गठ्ठ्याने मत देई. पक्ष आपला आहे की नाही हा प्रश्न कामगारापुढे निवडणुकीच्या दिवशी उभाच राहत नसे. तो त्या पक्षाचा वर्गणीदार आधीपासूनच असे.

खाणीच्या गावात तर विचारूच नका. खाणीवर युनियनची शाखा, शाखेला लागून कामगारांचा क्लब, कोपऱ्यावर सहकारी भांडार, रविवारी मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचं चर्च (या पक्षावर मार्क्सपेक्षा मेथडिस्टांचाच पगडा जास्त, असं म्हणणारे पक्षातही बरेच भेटतात), आणि राहायला कौन्सिलने बांधलेलं भाड्याचं घर. कौन्सिलवर पक्षाचाच माणूस, आणि तो बहुधा कालपर्यंत खाणीत शेजारी उभा राहून कोळसा फोडणारा. डरहॅममध्ये १८७१ पासून खाणकामगारांचा मेळा भरतो, हल्ली जुलैत. प्रत्येक खाणीचं रेशमी निशाण, मागे ब्रास बँड, मागे सगळं गाव. खाणी बंद झाल्या तरी मेळा अजून भरतोच.

मला या सगळ्यातली महत्त्वाची गोष्ट वाटते ती ही: इथे मजूर पक्षाला मत देणं हा ‘निर्णय’ नव्हता. जाहीरनामा वाचून, दोन पक्षांची तुलना करून कोणी मत देत नव्हतं. ज्या पाच-सहा संस्थांमध्ये माणसाचा दिवस जाई, त्यांतून ते मत आपसूक निघे. संस्था होत्या तोवर निष्ठा होती. पक्षाने मात्र पुढे असं समजून घेतलं की निष्ठा आपल्यावर आहे.

अर्थात हे चित्र फार गोंडस करायला नको. सगळे कामगार मजूर पक्षाचे कधीच नव्हते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळातही साधारण एक तृतीयांश कामगार हुजूर पक्षाला मत देत. नाहीतर ज्या देशात कामगार बहुसंख्य होते तिथे हुजूर पक्ष इतक्यांदा निवडून आलाच नसता. आणि मजूर पक्षातही पहिल्यापासून मास्तर, वकील, लेखक, ध्येयवादी श्रीमंत होतेच. आपल्याला स्वातंत्र्याच्या संदर्भात माहीत असलेले क्लेमंट अ‍ॅटली वकिलाचे चिरंजीव, ऑक्सफर्डचे पदवीधर. त्यांचे आरोग्यमंत्री अ‍ॅनायरिन बेव्हन मात्र वेल्समधल्या ट्रेडेगरचे, पोरवयातच खाणीत उतरलेले. तिथल्या कामगारांनी पगारातून वर्गणी काढून दवाखाना चालवला होता. तोच नमुना देशभर न्यायचा या हिमतीने बेव्हन यांनी ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली. पक्षाची खरी ताकद कुठे होती ते या जोडीत दिसतं: वकिलाचा मुलगा आणि खाणकामगार एका सरकारात, आणि दोघांनाही एकमेकांची गरज.

मुंबईचाही एक माणूस या गोष्टीत आहे. जमशेटजी टाटांचे भाचे शापुरजी सकलातवाला १९२२ मध्ये लंडनच्या उत्तर बॅटरसी मतदारसंघातून संसदेवर गेले, तेही मजूर पक्षाच्या पाठिंब्यावर. ते होते कट्टर कम्युनिस्ट, आणि मजूर पक्षाशी त्यांचं फार काळ पटलं नाही. पण पारशी कारखानदार घराण्यातल्या माणसाला गोऱ्या कामगारांनी शंभर वर्षांपूर्वी निवडून दिलं, हे ‘कामगार म्हणजे जात्याच परक्यांचा द्वेष्टा’ असं मानणाऱ्यांनी जरा लक्षात ठेवावं.

खाणी मिटल्या, घरं विकली गेली

१९२० च्या सुमारास ब्रिटनमध्ये अकरा-बारा लाख खाणकामगार होते. १ जानेवारी १९४७ ला खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा सात लाखांच्या आसपास. १९८४ मध्ये दोन लाखांहून कमी. डिसेंबर २०१५ मध्ये यॉर्कशरमधली केलिंगली ही शेवटची खोल खाण बंद झाली.

या उताराचं सगळं खापर हुजूर पक्षाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्यावर फोडायची पद्धत आहे. हिशेब तपासला तर हॅरल्ड विल्सन यांच्या मजूर सरकारांच्या काळात बंद झालेल्या खाणी संख्येने जास्तच भरतात. फरक इतकाच की १९६० च्या दशकात एक खाण बंद झाली तर माणूस दुसऱ्या खाणीत किंवा नव्या कारखान्यात जाई. १९८० च्या दशकात जायला जागा उरली नव्हती. मार्च १९८४ ते मार्च १९८५ असा वर्षभर खाणकामगारांचा संप चालला. आर्थर स्कारगिल यांच्या युनियनने संपाआधी देशभर मतदान घेतलं नाही, नॉटिंगहॅमशरचे बरेच कामगार कामावर जात राहिले आणि पुढे त्यांनी वेगळी युनियनच काढली. मजूर पक्षाचे तेव्हाचे नेते नील किनॉक स्वतः खाणकामगाराचे चिरंजीव, पण त्यांना धड संपाच्या मागे उभं राहता येईना, धड विरोधात जाता येईना. पुढे चाळीस वर्षं पक्षाची जी ओढाताण झाली तिचा पहिला ठळक प्रसंग हाच.

संपाइतकाच खोल परिणाम झाला तो एका शांतपणे झालेल्या कायद्याचा. १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने कौन्सिलच्या भाडेकरूंना राहतं घर मोठ्या सवलतीत विकत घ्यायचा हक्क दिला. लाखो कामगार कुटुंबांनी घेतलं, आणि का घेऊ नये? पण कालपर्यंत भाडं ठरवणाऱ्या कौन्सिलवर कोण बसलंय याची ज्याला फिकीर होती, तो आता घरमालक झाला आणि व्याजदराची फिकीर करू लागला. युनियनचे सभासद १९७९ मध्ये १ कोटी ३२ लाख होते; आज त्याच्या निम्मेही नाहीत. जे आहेत त्यांत शिक्षक, नर्सेस, सरकारी कर्मचारी पुष्कळ. क्लब बंद पडले, भांडारं सुपरमार्केटपुढे टिकली नाहीत, चर्च ओस पडली.

म्हणजे १९९० उजाडेपर्यंत नातं बांधून ठेवणारे दोर बहुतेक तुटलेले होते. उरली होती ती सवय. सवयही बराच काळ चालते. आजोबा-वडील ज्या पक्षाचे, आपणही त्याच पक्षाचे. पण तिला रोज खतपाणी लागतं हे कोणाच्या गावी नव्हतं.

‘जाऊन जाऊन जातील कुठे?’

१९९७ मध्ये टोनी ब्लेअर यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्षाने ४१८ जागा जिंकल्या. ते स्वतः सेजफील्डचे खासदार, डरहॅममधल्याच जुन्या खाणपट्ट्यातले. पण त्यांचं निवडणुकीचं गणित सेजफील्डसाठी बांधलेलं नव्हतं.

ते गणित आपल्यालाही परकं नाही, कारण आपली लोकसभेची पद्धत तिथूनच आली आहे. मतदारसंघात ज्याला सगळ्यांत जास्त मतं तो विजयी. पन्नास टक्के लागत नाहीत, आणि एका मताने जिंकलं काय किंवा तीस हजारांनी, जागा एकच. मग हुशार प्रचारप्रमुख काय करील? जिथे तीस हजारांनी आपण जिंकणारच आहोत तिथे पैसा, वेळ, आश्वासनं कशाला खर्च करायची? सगळं बळ दक्षिण इंग्लंडमधल्या काठावरच्या मतदारसंघांत लावायचं. तिथल्या मध्यमवर्गीयाला सांगायचं की आम्ही आयकर वाढवणार नाही, युनियनच्या तालावर नाचणार नाही. सेजफील्ड, हार्टलपूल, बोल्सोव्हर या जुन्या बालेकिल्ल्यांचं काय? ते कुठे जातात? पिढीजात गिऱ्हाईक उधारीच्या वहीत बांधलेलं आहे म्हणून वाण्याने चांगला माल नव्या गिऱ्हाइकासाठी राखून ठेवावा, तसला हा प्रकार.

गंमत म्हणजे ते खरोखरच कुठे गेले नाहीत. ते घरी बसले. २००१ मध्ये मतदान ५९ टक्क्यांवर आलं, १९१८ नंतरचं सगळ्यांत कमी. पक्षाची मतं १९९७ ला १ कोटी ३५ लाख होती, ती २००१ ला १ कोटी ७ लाख आणि २००५ ला ९५ लाखांवर आली. जागा मात्र तिन्ही वेळी भरपूर, सत्ताही कायम. त्यामुळे धोक्याची घंटा वाजते आहे हे कोणी ऐकलं नाही. जुना मतदार एका रात्रीत पक्ष बदलत नाही. आधी तो मत द्यायचं थांबवतो. हा मधला टप्पा निकालाच्या तक्त्यात दिसत नाही, म्हणून फसवतो.

ब्लेअर सरकारने गरिबांसाठी काही केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. १९९९ मध्ये देशात पहिल्यांदा राष्ट्रीय किमान वेतन आलं, तासाला ३ पौंड ६० पेन्स. लहान मुलांसाठी ‘शुअर स्टार्ट’ केंद्रं निघाली, दवाखान्यांवर खर्च वाढला, कमी पगाराच्या कुटुंबांना करसवलतीच्या रूपाने पैसे मिळू लागले. पण या शेवटच्या मदतीची गोची बघा. कौन्सिलचं घर डोळ्यांना दिसे, ते कोणी बांधलं हे पोराला माहीत असे. करसवलत आकडेमोडीतून बँकेच्या खात्यात उतरते. ती कोणामुळे आली हे घेणाऱ्यालाही सांगता येत नाही. पैसा पोचला, नातं पोचलं नाही.

त्यात २००४ मध्ये पूर्व युरोपातले देश युरोपीय संघात आले. जर्मनी-फ्रान्सने तिथल्या कामगारांना लगेच दार उघडलं नाही. ब्रिटनने, स्वीडन आणि आयर्लंडच्या जोडीने, उघडलं. वर्षाला फार तर १३ हजार लोक येतील असा अंदाज होता. आले लाखोंनी. लंडनला ते हवेच होते. पण एखाद्या छोट्या गावातल्या गोदामात किंवा भाजी पॅक करण्याच्या शेडमध्ये, जिथे पगार आधीच किमान वेतनाला टेकलेला होता, तिथे या बदलावर कोणी चर्चाही केली नव्हती. पगार खरंच पडले का, याबद्दल अर्थतज्ज्ञांचे आकडे फार मोठा परिणाम दाखवत नाहीत. राग पगारापेक्षा ‘आम्हाला विचारलं कोणी?’ याचा जास्त होता.

२०१० च्या प्रचारात पंतप्रधान गॉर्डन ब्राउन रॉचडेलला गेले. आयुष्यभर मजूर पक्षाला मत देणाऱ्या एका वयस्क बाईंनी त्यांना पेन्शन, देशावरचं कर्ज आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांबद्दल विचारलं. ब्राउन हसून बोलले, गाडीत बसले आणि सहाय्यकाकडे तक्रार केली की कसल्या कोत्या मनाच्या बाईशी गाठ घालून दिलीत. कोटाला लावलेला टीव्हीचा माइक चालूच होता. मग माफी मागायला बाईंच्या घरी जावं लागलं. या एका प्रसंगाने निवडणूक फिरली असं मी म्हणणार नाही, पण हजारो घरांत जो संशय होता त्यावर शिक्कामोर्तब झालं.

मुलं शहरात, आईबाप गावात

या गोष्टीतला मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटणारा आणि सगळ्यांत कमी बोलला जाणारा भाग आता येतो.

ब्लेअर यांनी १९९९ मध्ये उद्दिष्ट ठेवलं की निम्म्या तरुणांनी उच्च शिक्षण घ्यावं. चांगलंच उद्दिष्ट. खाणकामगाराची नात मँचेस्टरला, लीड्सला, लंडनला शिकायला गेली. शिकली, तिथेच नोकरीला लागली, भाड्याच्या खोलीत राहिली. ती आजही बहुधा मजूर पक्षाला किंवा त्याच्याही डावीकडे मत देते. तिचे आईबाप गावातच राहिले. त्यांचं घर स्वतःचं, कर्ज फिटलेलं, पेन्शन सुरू. गावातली तरुण मंडळी निघून गेल्यामुळे गावाचं सरासरी वय वाढत गेलं.

म्हणजे एकाच कुटुंबाची मतं दोन ठिकाणी विभागली गेली. वर पाहिलेल्या पद्धतीत याचा फटका जबर बसतो. शहरात मजूर पक्षाची मतं ढिगाने साचली, जिथे ती आधीच जास्त होती. आणि गावांत आटली, जिथे एकेका मताची गरज होती. ब्रिटनमध्ये पूर्वी माणसाचा व्यवसाय विचारला की मत ओळखता येई. आता वय आणि पदवी विचारावी लागते. २०१९ मध्ये तर अकुशल आणि अर्धकुशल कामगारांतसुद्धा हुजूर पक्ष मजूर पक्षाच्या पुढे होता, आणि तरुण मतदार भरभरून मजूर पक्षाकडे. तोमा पिकेटी या फ्रेंच अर्थतज्ज्ञाने शिकल्यासवरल्यांचे झालेल्या अशा पक्षांना ‘ब्राह्मण डावे’ असं नाव ठेवलंय. ते वाचून आपल्याकडे कोणाला गुदगुल्या होतील आणि कोणाला झोंबेल ते सांगायला नको.

म्हणून ‘मजूर पक्षाने कामगारांना सोडलं’ हे वाक्य अर्धंच खरं आहे. आजचा खरा कामगार कोण? लेस्टरच्या शिवणकारखान्यात बसलेली बाई, पार्सल पोचवणारा ड्रायव्हर, कॉल सेंटरमधली मुलगी, वृद्धाश्रमात रात्रपाळी करणारी केरळची नर्स. यांची युनियन नाही, घर नाही, बऱ्याच जणांना मतदानाचा कंटाळा. आणि ज्याला सगळे ‘पारंपरिक मतदार’ म्हणतात तो निवृत्त घरमालक. दोघांना एकच पक्ष हवासा वाटावा असं काय शिल्लक आहे?

आधी स्कॉटलंड, मग सगळंच

स्कॉटलंडमध्ये हे सगळं आधी घडून गेलं. सप्टेंबर २०१४ च्या सार्वमतात स्वातंत्र्याच्या विरोधात ५५ टक्के कौल मिळाला. त्या प्रचारात मजूर पक्ष हुजूर पक्षाच्या खांद्याला खांदा लावून उभा होता. ग्लासगोसारख्या त्याच्या बालेकिल्ल्याने मात्र स्वातंत्र्याला ‘हो’ म्हटलं. आठ महिन्यांनी झालेल्या निवडणुकीत स्कॉटलंडमधल्या त्याच्या ४१ जागांची १ झाली. सार्वमताचा दोष हा की ते माणसाला जुन्या पक्षाच्या विरोधात मत द्यायची रंगीत तालीम करून देतो. एकदा हात वळला की पुढच्या वेळी अवघड जात नाही.

जून २०१६ मध्ये युरोपीय संघ सोडण्याच्या सार्वमताने इंग्लंडमध्ये तेच केलं. लंडनच्या लॅम्बेथमध्ये ७९ टक्के लोक संघात राहण्याच्या बाजूचे, सँडरलंडमध्ये ६१ टक्के बाहेर पडण्याच्या. दोन्ही मजूर पक्षाचे गड. पक्षाचे साधारण दोन तृतीयांश मतदार ‘राहू’ म्हणाले, पण ते शहरांत साचलेले असल्याने पक्षाच्या बहुसंख्य मतदारसंघांचा कौल निघाला ‘जाऊ’. २०१७ मध्ये पक्षाचे तेव्हाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांनी ‘निकाल मान्य’ म्हणून ४० टक्के मतं मिळवली. २०१९ मध्ये पक्ष ‘पुन्हा सार्वमत घेऊ’ या भूमिकेवर आला, शिवाय कॉर्बिन स्वतः या भागांत कमालीचे नावडते झाले होते. जागा २०२ वर आल्या, १९३५ नंतरच्या सगळ्यांत कमी. सेजफील्ड गेलं. १९२२ पासून पक्षाकडे असलेले ली आणि डॉन व्हॅली हे मतदारसंघ गेले. १९७० पासून बोल्सोव्हरचे खासदार असलेले माजी खाणकामगार डेनिस स्किनर पडले. ‘लाल भिंत’, म्हणजे मजूर पक्षाच्या या जुन्या बालेकिल्ल्यांची रांग, ‘कोसळली’ असे मथळे झळकले. भिंत मात्र वीस वर्षं झिजत होती. तिथलं मताधिक्य दर निवडणुकीत कमी होत होतं, आणि ते आकडे कोणालाही पाहता आले असते.

जिंकल्यावर हुजूर पक्षाचे पंतप्रधान बोरिस जॉन्सन जाहीरपणे म्हणाले की तुमच्यातल्या अनेकांनी हे मत आम्हाला उसनं दिलंय. त्यांच्या बाकी बोलण्यावर किती विश्वास ठेवावा हा प्रश्नच आहे, पण हे बरोबर होतं. २०२४ मध्ये त्या मतदारांनी उसनं परत घेतलं. फक्त ते सगळं जुन्या धन्याच्या हाती दिलं नाही.

दुसरे पारंपरिक मतदार

‘पारंपरिक मतदार’ म्हटलं की डोळ्यांपुढे टोपी घातलेला गोरा म्हातारा येतो. पण युद्धानंतर भारतीय उपखंडातून आणि कॅरिबियनमधून आलेली कुटुंबंही दोन पिढ्या या पक्षाची हक्काची होती. वंशभेदाविरुद्धचे १९६५, १९६८ आणि १९७६ चे तिन्ही कायदे मजूर सरकारांनी केले. तरी हे नातंही गोडगुलाबी नव्हतं. १९६८ मध्येच केनियातून निघालेल्या आशियाई लोकांना अडवणारा कायदा याच पक्षाच्या सरकारने घाईघाईने केला. १९७४ मध्ये लेस्टरच्या इम्पीरियल टाइपरायटर्स कारखान्यात आशियाई कामगारांनी संप केला तेव्हा स्थानिक युनियनने त्यांना पाठिंबा नाकारला.

पुढे सुस्थिती आली तसे भारतीय वंशाचे अनेक मतदार हुजूर पक्षाकडे सरकले. २०१९ मध्ये मजूर पक्षाच्या अधिवेशनात काश्मीरवर झालेल्या, भारतविरोधी मानल्या गेलेल्या ठरावाने ती गती वाढवली. २०२४ मध्ये हुजूर पक्ष देशभर भुईसपाट होत असताना त्याने मजूर पक्षाकडून एकच जागा हिसकावली, ती लेस्टर ईस्ट. त्याच शहरात, लागूनच असलेल्या लेस्टर साउथमध्ये गाझाच्या प्रश्नावर उभ्या राहिलेल्या अपक्षाने मजूर पक्षाचा मातब्बर नेता पाडला. एकाच शहरात हिंदू मतदार एका कारणाने गेले आणि मुस्लिम मतदार दुसऱ्या.

उथळ पाण्यातली मोठी होडी

२०२४ च्या विजयाचे आकडे आता वेगळे दिसतील. मतं ३३.७ टक्के, म्हणजे बहुमताचं सरकार आणणारा आजवरचा सगळ्यांत लहान वाटा. एकूण मतं सुमारे ९७ लाख. ज्या २०१९ ला ‘ऐतिहासिक पराभव’ म्हणतात तेव्हा ती १ कोटी २ लाखांच्या वर होती. जागा दुप्पट झाल्या त्या मुख्यतः उजवी मतं हुजूर आणि रिफॉर्म यांत फुटल्यामुळे. ८९ मतदारसंघांत मजूर पक्षाच्या पाठोपाठ दुसरा क्रमांक रिफॉर्मचा होता.

अशा वेळी पहिलं मोठं पाऊल काय टाकावं? अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी जुलै २०२४ मध्येच पेन्शनरांना हिवाळ्यात घर गरम ठेवण्यासाठी मिळणारी मदत फक्त अगदी गरिबांपुरती ठेवली. सुमारे एक कोटी म्हाताऱ्यांचे दोनशे-तीनशे पौंड गेले. हिशेबाच्या दृष्टीने मुद्दा चुकीचा नव्हता, सुखवस्तू पेन्शनरालाही ती मिळत होतीच. पण ही मदत १९९७ मध्ये ब्राउन यांनीच सुरू केलेली, आणि ती करसवलतीसारखी अदृश्य नव्हती. कोणी दिली आणि कोणी काढली हे प्रत्येक घराला ठाऊक होतं. जून २०२५ मध्ये निर्णय बराचसा मागे घ्यावा लागला. तोवर डरहॅम गेलं होतं, आणि त्याच दिवशी रंकॉर्न अँड हेल्स्बीची पोटनिवडणूकही रिफॉर्मने जिंकली. अवघ्या ६ मतांनी.

पक्षात आता दोन तट आहेत. एक म्हणतो, रिफॉर्मकडे चाललेल्या जुन्या माणसांना परत आणा. स्थलांतरावर कडक व्हा, देश-गाव-कुटुंब यांची भाषा बोला. दुसरा म्हणतो, शहरं, तरुण, अल्पसंख्याक हे डाव्या, पर्यावरणवादी ग्रीन पार्टीकडे निघालेत, आधी त्यांना धरा. पहिल्या तटाला डेन्मार्कचा दाखला आवडतो, जिथे सोशल डेमोक्रॅट पक्षाने स्थलांतरावर उजव्यांचीच भूमिका घेऊन सत्ता टिकवली. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच पक्षाने शंभरहून अधिक वर्षांत पहिल्यांदाच कोपनहेगनचं महापौरपद गमावलं. मला विचाराल तर भूमिकांची ही रस्सीखेच दुय्यम आहे. गावातला क्लब, युनियनची शाखा, घर बांधणारी कौन्सिल यांच्या जागी माणसाला पक्ष रोज भेटेल असं काहीच उभं झालेलं नाही, आणि ते उभं करायला एका निवडणुकीचा वेळ पुरत नाही. सरकारांना मात्र तेवढाच वेळ असतो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये वेल्समधल्या केअरफिली इथे तिथल्या विधिमंडळाच्या एका जागेसाठी पोटनिवडणूक झाली. बेव्हन यांच्या ट्रेडेगरपासून हे फार लांब नाही, आणि शंभर वर्षं इथे मजूर पक्षाशिवाय पान हललं नव्हतं. रिफॉर्मची लाट येणार अशी हवा होती. रिफॉर्मला अडवायचं म्हणून लोक मोठ्या संख्येने बाहेर पडले, पण त्यासाठी त्यांनी मजूर पक्षाकडे पाहिलंही नाही. त्यांनी प्लाइड कमरी या वेल्श राष्ट्रवादी, डाव्या पक्षाला जवळपास निम्मी मतं दिली. रिफॉर्म दुसरा. मजूर पक्ष तिसरा, ११ टक्क्यांवर.